सतरा नंबरचा खाऊ

सिद्धेश मला लॅबमध्ये काकू म्हणतो. दहा वेळा सांगितलं, बाबा रे, इथे मी तुझी बॉस आहे, मंजुषा म्हण. पण पुण्याहून आलेल्या तेहतीस वर्षांच्या माणसाच्या तोंडून एकसष्ट वर्षांच्या बाईचं नुसतं नाव काही निघत नाही. मीही मग नाद सोडला. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या ह्या छोट्या कंपनीत आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे आमचं सगळं मराठीतच चालतं. पेशी जगवायला जे गुलाबी पाणी देतात, त्याला बाकीचे मीडियम म्हणतात. आम्ही खाऊ म्हणतो.

आमच्या पेशी हृदयाच्या. माणसाच्या रक्तापासून बनवलेल्या, प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांत वाढवलेल्या. मायक्रोस्कोपखाली धरलं की धडधडताना दिसतात. अशा बारा पिशव्या अंतराळ स्थानकावर जायच्या होत्या. आत माणूस नसलेलं मालवाहू यान, त्यात तिथल्या लोकांची जेवणाची पाकिटं, कपडे, आणि एका गरम पेटीत आमच्या पिशव्या. वजन नसलं की आजारी हृदय कसं वागतं, ते बघायचं होतं.

रक्त कुणाचं ते कागदावर नसतं, फक्त नंबर असतो. ह्या पेशी सतरा नंबरच्या. पण रक्ताच्या नळीवर ती चिठ्ठी मीच चिकटवली होती, त्यामुळे मला ठाऊक होतं. सतरा नंबर म्हणजे माझा नवरा, मोरेश्वर. सहा वर्षांपूर्वी हृदयाच्याच दुखण्यानं गेला. फ्रीझरमधल्या त्याच्या नळ्या एकेक करून वाया गेल्या, शेवटची तेवढी जगली, आणि तीच ह्या पिशव्यांत वाढली. हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला ह्या कामाला हातसुद्धा लावू दिला नसता.

खाऊ सहा दिवस पुरतो. शुक्रवारी मी दिला. सोमवारी सिद्धेश पिशव्या घेऊन फ्लोरिडाला गेला. मंगळवारी त्याचा मेसेज आला, "काकू, खाऊ?" मी गाडी पार्क करत होते. एका हातानं लिहिलं, "परवा." म्हणजे गुरुवारी दे, यानवाल्यांच्या ताब्यात देण्याआधी. त्यानं अंगठा पाठवला.

पुढच्या शुक्रवारी यान उडालं, अगदी झोकात. शनिवारी सकाळी स्थानकाला जोडलं जाणार होतं, पण दोन मैलांवर येऊन थांबलं. दिशा बदलायच्या एका छोट्या इंजिनात गळती निघाली. बुधवारपर्यंत जवळ येऊ द्यायचं नाही असं ठरलं.

"असू दे," मी परत आलेल्या सिद्धेशला म्हटलं. "गुरुवारचा खाऊ बुधवारपर्यंत पुरेल. काठावर, पण पुरेल."

"गुरुवारचा कुठला, काकू? रविवारी तुम्हीच दिलात ना? मी विचारलं, तर तुम्ही परवा म्हणालात."

आपल्या भाषेत गेलेला दिवसही परवा आणि यायचाही परवा. रविवार ते शनिवार सहा दिवस, त्याचा हिशेब चोख बसला होता, म्हणून गुरुवारी त्यानं खाऊ दिलाच नव्हता. मी त्याला वाट्टेल ते बोलले. डोकं कुठे गहाण ठेवलं होतंस, म्हटलं. खरं तर नुसतं "दे" एवढं लिहायचा आळस मी केला होता.

यानवाल्यांच्या डेस्कवर एक बाई होती, बोलायला साखर. मी म्हटलं, पेटी थंड करा, थंडीत पेशी कमी खातात. ती म्हणाली, पेटी स्थानकात बसवेपर्यंत खालून काही बदलता येत नाही, सॉरी. तुमची काळजी आम्हाला समजते, म्हणाली. कप्पाळ समजते. स्क्रीनवर दर तासाला हिरवी खूण यायची, तापमान सदतीस, सगळं ठीक.

सोमवारी संध्याकाळी स्थानक कॅरीवरून गेलं. मी ड्राइव्हवेत उभी राहून पाहिलं. पाच मिनिटं दिसलं असेल. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मी मोरेश्वरला चमच्यानं सूप भरवायचे, अर्धं सांडायचं, तरी भरवायचे. आता तो वर उपाशी होता आणि मला नुसतं बघता येत होतं. घरात आले, ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं.

बुधवारी यान जोडलं. दुपारी तिथल्या अंतराळवीरानं पहिली पिशवी मायक्रोस्कोपखाली धरली, आमच्या स्क्रीनवर चित्र आलं. काही हलत नव्हतं. त्यानं खाऊ दिला, तीन तासांनी परत पाहिलं. मग न सांगता एकेक करून बाराही पिशव्या दाखवल्या. भला माणूस.

मेलेले नमुने परत आणत नाहीत. माल उतरवला की त्याच यानात स्थानकाचा कचरा भरतात, आणि खाली येताना ते समुद्रावर जळून जातं. त्यासाठी एक फॉर्म आला. नमुना सतरा, बारा पिशव्या, टाकून द्या, आणि खाली मंजुरीचं बटण.

सिद्धेश माझ्या खुर्चीमागे उभा होता. चार दिवसांत त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काकू, चूक माझी आहे. मी सगळं परत करतो, वीकेंडलाही येतो," तो म्हणाला. "फक्त नवं रक्त लागेल. ते सतरा नंबरवाले कोण आहेत, ऑफिसमार्फत त्यांना फोन करू या का? एकदा दिलंय म्हणजे परत देतील ना?"

"नाही देणार," मी म्हटलं.

"विचारून तर बघू."

"नको रे विचारूस," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.