पाच मिनिटं उकळलेली सळई

मित्रांनो, मला हात लावायच्या आधी हात धुऊन या. मी एक जुनी पोलादी सळई आहे. हातभराहून थोडी कमी, पेन्सिलीहून थोडी जाड, अंगावर एक उभी खाच आणि एका टोकाला लहानसं भोक. माणसाचं मांडीचं हाड मोडलं की त्याच्या आतल्या पोकळीत मला ठोकून बसवतात. हाड सांधेपर्यंत दोन्ही तुकडे धरून ठेवायचे, एवढंच माझं काम. तुम्हाला मी साधा खिळा वाटेन. वाटू द्या. पण मी दोन माणसांच्या अंगात राहिले आहे. एकाने मला कपाळाला लावलं. दुसरीचा माझ्याकडून घात झाला. तो कसा झाला हे लपवणारे पुष्कळ होते, म्हणून मीच सांगते.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला तापवली, ओढली, घासून आरशासारखी केली. ही गंजणार नाही, असा शब्द कारखान्याने माझ्या वतीने दिला. तो मी आजवर पाळला आहे. १९५६ साली पुण्याच्या एका इस्पितळात आले आणि पहिलंच काम मिळालं नेरे गावच्या बहिरूचं. बैलगाडीखाली त्याची मांडी गेली होती. त्या दिवशी मला कापडात गुंडाळून वाफेच्या बंद भांड्यात ठेवलं, घड्याळ बघून बाहेर काढलं. हाड सांधलं. पुढे मला काढली तेव्हा बहिरूने मला दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं. "बाई माझी, तू व्हतीस म्हून उभा हाय!" इस्पितळातले मोठे डॉक्टर हसले. मलाही वाटलं, ही माणसं आपली.

मग मला पाण्याने धुऊन कपाटात टाकली. त्या काळी सळया मोजक्याच होत्या, एकीचा उपयोग दोघातिघांना करत.

१९५८ च्या कार्तिकात मुठ्याची चंद्राबाई आली. डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून उतरताना पाय सटकला आणि मांडी मोडली. नवरा कोंडिबा आणि भावकीतले तिघे घोंगडीची डोली करून तिला सडकेपर्यंत घेऊन आले होते. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "डाक्टर, म्या पुन्यांदा बांदावर चढंन का?"

"माझ्यावर विश्वास ठेव," मोठे डॉक्टर म्हणाले. तिने ठेवला.

तिच्यासाठी काढलेली सळई मी नव्हते. ती जाड होती, वाफेत नीट शुद्ध केलेली. मांडी उघडल्यावर कळलं की चंद्राबाईच्या हाडाची पोकळी अरुंद आहे. हे माप आधी घ्यायचं असतं. कुणी घेतलं नव्हतं.

"बारीक आणा!" मोठे डॉक्टर ओरडले. बारीक म्हणजे मी. कपाटातली, धूळ खात पडलेली.

रंभाबाई म्हणून नांद्याची एक आया होती. तिने मला स्टोव्हवरच्या पाण्यात टाकली.

"झालं का?"

"सायेब, आत्ता कुटं उकळाया लागलंय. पाच मिन्टं झाली. ईस मिन्टं लागत्यात, तुमीच सांगितलंय."

"मला शिकवतेस? आण म्हणतो ना! वरून स्पिरिट ओत."

मोठ्या डॉक्टरांना दुपारी स्वतःच्या सत्काराला जायचं होतं. हार तिकडे वाट बघत होता. रंभाबाईने चिमट्याने मला उचललं. वरून स्पिरिट ओतलं आणि पुढे केलं.

मी चंद्राबाईच्या हाडात शिरले ती एकटी शिरले नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू माझ्या खाचेत, माझ्या भोकात बसून आत आले. मित्रांनो, औषध रक्तातून फिरतं. पोलादात रक्त नसतं. माझ्या अंगाला चिकटून बसलेल्या जंतूंपर्यंत औषध धड पोचत नाही. तिथे ते निवांत वाढतात.

चौथ्या दिवशी ताप आला. "आत लई ठसठसतंय," चंद्राबाई सांगत राहिली. तापाची गोळी मिळाली. टाके निघाले, घरी रवानगी झाली. दीड महिन्याने मांडी फुटली आणि पू वाहू लागला.

कोंडिबा तिला परत घेऊन आला. मोठ्या डॉक्टरांनी जखमेकडे पाहिलं आणि बोट तिच्याकडे केलं. "गावाला जाऊन पट्टी सोडली हिने. पाला बांधला असेल, नाहीतर शेण. तुम्हा लोकांना किती सांगायचं?" आणि कागदावर लिहिलंसुद्धा: रुग्णाने पट्टी सोडली.

"न्हाई डाक्टर. म्या पट्टीला हात लावला न्हाई."

"गप की गं," कोंडिबा म्हणाला. "येवढा शिकल्याला मानूस खोटं बोलंल व्हय?"

"अवो, तुमी तर रोज उशाशी व्हता. तुमी सांगा की."

कोंडिबाने मान फिरवली. त्याला सगळं ठाऊक होतं. पण मोठ्या माणसापुढे बायकोच्या बाजूने बोलायला त्याची जीभ उचलेना. मी तिच्या हाडात बसून ऐकत होते. जंतूंनी केलं नसेल इतकं त्या फिरलेल्या मानेने तिला आत पोखरलं.

पाय कापायचा ठरला. त्याच आठवड्यात वॉर्डात नवे डॉक्टर आले. ते खाटेवर वाकले.

"बाई, ताप पहिल्यांदा कधी आला?"

"चवथ्या दिशी. ह्याच वार्डात."

नव्या डॉक्टरांनी तापाचा कागद काढला. चौथ्या दिवसापासून रेघ वर चढलेली होती. "तोवर पट्टी कुणी सोडली होती?"

"कुनीच न्हाई."

"मग गावची घाण चौथ्या दिवशी इथे कशी आली?" ते कोंडिबाकडे बघत म्हणाले.

रंभाबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "नोकरी जायाची तर जाऊ द्या. सळई पाचच मिन्टं उकळली व्हती. ह्याच हातानं उचलली म्या."

चंद्राबाई तिच्याकडे वळली. "पयल्या खेपंला तीन आठवडं माझं डोस्कं विंचरलंस, रंभाबाई. आन् त्वांड आत्ता उघाडतीस?"

नव्या डॉक्टरांनी पाय कापू दिला नाही. "सळई घट्ट आहे. हाड सांधेपर्यंत राहू दे, नाहीतर हाड हलेल," ते म्हणाले. मांडी पुन्हा उघडली, मेलेल्या हाडाचे तुकडे वेचून काढले, आत धुतलं. कोणत्या औषधाने हे जंतू मरतात ते कळावं म्हणून पू तपासायला पाठवला. मग महिनोन्महिने सुया. जिच्यामुळे हे झालं तीच मी आत हाड धरून बसले होते. दुसरं करण्यासारखं माझ्या हाती काही नव्हतं. हाड सांधल्यावर मला काढली, तेव्हा कुठे जखम सुकली. पाय दोन बोटं आखूड झाला. गुडघा अर्धाच वाकतो.

निघायच्या दिवशी तिने मला मागून घेतली.

"फेक ती अवदसा," कोंडिबा म्हणाला आणि खाली वाकला. "चल, खांद्यावर हात टाक."

"ऱ्हाऊ द्या. तवा मान फिरीवली तुमी. आता खांदा कशाला?" तिने काठी घेतली.

जाताना ती रंभाबाईच्या स्टोव्हपाशी थांबली. वेणीत गुंफलेला आगवळाचा दोरा सोडून रंभाबाईच्या हातात दिला. "ही हितं टांग. पानी पुरतं उकळल्याबिगर हात घालू नगंस. सायेब म्हनला तरी."

रंभाबाईने आधी मला पुरती वीस मिनिटं उकळली, घड्याळावरची नजर न काढता. मग माझ्या भोकातून तो दोरा ओवून स्टोव्हवरच्या भिंतीला टांगली. मी अजून तिथेच आहे. 'रुग्णाने पट्टी सोडली' ही कागदावरची ओळही अजून तशीच आहे. ती कुणी खोडली नाही. चंद्राबाईची कुणी माफी मागितली नाही.

मित्रांनो, पुढे तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी भांडं उकळणारं होईल, कुणी नुसतंच उशाशी बसलेलं असेल. पाणी पुरतं उकळू द्या. हातात चिमटा असेल तेव्हाच तोंड उघडा, दोन महिन्यांनी नको. आणि खाटेवरचं माणूस "म्या हात लावला न्हाई" म्हणालं तर मान फिरवू नका. आधी तापाचा कागद बघा.