ठेवा

माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. लिफ्ट बंद पडली की मी बोलते, जिन्यात कुणी सिगारेटची थोटकं टाकली की मी बोलते, पगार लांबला तर दारात उभी राहून बोलते. पण बक्षिसी मागायची म्हटलं की याच तोंडाला कुलूप लागतं. पगार आपला असतो, तो मागता येतो. बक्षिसी दुसऱ्याच्या मनात यावी लागते.

आमच्या इमारतीत नाताळला बहुतेक घरं कामाला येणाऱ्यांना काही ना काही देतात. तसा नियम नाही, पण देतात. खालच्या मजल्यावर एक स्वयंपाकीण येते. तिच्या कानावर काही पडलं की ते इमारतभर ऐकू जातं, म्हणून मी तिचं नाव ठेवलंय रेडिओ. यंदा तिने मला जिन्यातच गाठलं.

"मला मिक्सर मिळाला गं! नवाकोरा. तुला काय?"

"बघू," मी म्हटलं.

"म्हणजे यंदाही वाटाण्याच्या अक्षता."

"तुझा मिक्सर तुझ्याइतका आवाज करतो का ते बघ आधी," असं म्हणून मी वर गेले. पण लागलं मला.

मी जिथे धुणंभांडी, झाडूपोछा, इस्त्री सगळं करते त्या घरच्या वहिनी वाईट नाहीत हो. मी तापाने पडले होते तेव्हा त्यांनी खाडा धरला नाही. मला 'अहो मावशी' म्हणतात. पण रेडिओ भेटली त्याच दिवशी मी कपबश्या पुसत होते आणि बाहेर साहेब त्यांना विचारत होते, "यंदा मावशींना काही द्यायचं का? खालच्यांनी मिक्सर दिला म्हणे."

"द्यायला हरकत नाही रे," वहिनी म्हणाल्या, "पण त्या आपल्या घरच्याच आहेत. घरच्या माणसाच्या हातात पाकीट कोंबायचं म्हणजे कसं दिसतं? त्यांनाच वाईट वाटेल."

वाईट वाटून घ्यायला मी एका पायावर तयार होते. पण मला कोण विचारतंय! बशी जरा जोरात ठेवली, एवढंच.

नाताळच्या आदल्या दिवशी मी ओटा धुऊन निघायच्या बेतात होते. तेवढ्यात वहिनी बाहेरून आल्या. फोन मानेत धरलेला, दोन्ही हातांत पिशव्या. त्यातून त्यांनी एक खोका काढला, लाल फीत बांधलेला, आणि माझ्यापुढे धरला.

"मावशी, हे ठेवा."

मी हात एप्रनला पुसले. परत पुसले. "मी ठेवू?"

"हो हो, ठेवा ना. नीट ठेवा, चुरगळू देऊ नका." आणि लगेच फोनमध्ये, "हं, बोल तू."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. 'घरच्याच आहेत' म्हणणाऱ्या बाईने मनात आधीच ठरवलं होतं तर! मी उगाच बशा आपटल्या. "देव तुमचं भलं करो, वहिनी," मी म्हटलं. त्यांनी फोनवर बोलता बोलता हसून हात हलवला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

खोका छातीशी धरून मी घरी आले. घरी मी आणि सून, दोघीच. मुलगा ट्रकवर असतो, आठवडेच्या आठवडे बाहेर. सून बेकरीत काउंटरला उभी राहते. उजाडायच्या आत जाते, आणि त्या बेकरीचं दार सारखं उघडतं-मिटतं, गार वारं थेट अंगावर येतं. नवऱ्याचं जुनं जाकीट घालून जायची बिचारी, बाह्या दुमडून. आमच्या दोघींत भांडण नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती. "अहो, ऐकलंत का," "अहो, दूध उतू गेलं," असं चाललं होतं.

मी खोका तिच्यापुढे ठेवला. तिने फीत सोडली, कागद फाटू न देता उलगडला. आत कोट. गडद निळा, जाड लोकरीचा, आतून गुळगुळीत अस्तर, लाकडी बटणं. माझ्या अंगात तो जाणार नाही हे मला बघताक्षणीच कळलं, आणि तिला तर जसा काही माप घेऊन शिवलेला.

"हा तुम्हाला दिला?" तिने विचारलं.

आता इथे गप्प बसायला काय झालं होतं मला? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "मला कशाला? तुझ्यासाठी आणलाय मुद्दाम. वहिनी म्हणाल्या, तुमची सून थंडीत कुडकुडत जाते ना, तिला होईल."

"त्यांना मी माहीत आहे?"

"तर! मी सांगत असते ना तुझ्याबद्दल."

कधी सांगितलं होतं मी? वहिनींना मला सून आहे हे तरी माहीत होतं की नाही, देव जाणे. पण तिचा चेहरा असा उजळला की मला ते खोटं खोटं वाटेचना. कोट घालून ती इकडे वळली, तिकडे वळली, आणि म्हणाली, "आई, आरसा जरा वर धरा ना."

'आई' म्हणाली मला. मी आरसा धरून उभी राहिले, हात भरून आले तरी खाली केला नाही.

दुसऱ्या दिवशी बेकरी उघडी होती, नाताळला केक जातात ना. सून कोट घालून गेली, आणि परत आली ती बोलतच. मालक काय म्हणाला, बरोबरची पोरगी काय म्हणाली, कुणाला खोटं वाटलं. "मी सांगितलं, आमच्या आईंच्या कामाच्या घरून आला. त्यांना तिथे फार मान आहे." मी ऐकत होते आणि फुगत होते. रस्त्यात रेडिओ भेटली तिलाही ऐकवलं. "मिक्सर काय गं, तुझ्याकडून आणखी वाटण करून घ्यायला दिलाय. माझ्या वहिनींनी कोट दिला. माया लागते त्याला." रेडिओचं तोंड एवढंसं झालं. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू.

सुट्टी संपवून कामावर गेले तेव्हा जिना चढताना मनात बोलणं जुळवत होते. कोट अगदी मापात बसला, सुनेने तुम्हाला नमस्कार सांगितलाय, असं. दार साहेबांनी उघडलं. आत वहिनी कपाटात डोकं घालून होत्या, पलंगावर कपड्यांचा ढीग.

"बरं झालं आलात. मावशी, तो खोका कुठे ठेवलात हो? सगळी कपाटं उपसली मी."

"कुठला खोका?" मी विचारलं. कुठला ते मला कळलं होतं.

"लाल फितीचा. मी तुमच्याकडे ठेवायला दिला होता ना. ह्याची ताई जेवायला येतेय, तिचा कोट आहे त्यात."

ठेवायला दिला होता. कपाटात ठेवायला. मी ऐकलं होतं, तुम्हाला ठेवा. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, मला मेलीला भरदुपारी दिसलं! सांगायला लाज वाटते, पण आधी मनात आलं ते हेच की कुठे ठेवला आठवत नाही म्हणावं.

"घरी आहे," मी म्हटलं.

"कुणाच्या घरी?"

"माझ्या."

साहेबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली केलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही नेलात?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मलाही चढवता आला असता, भांडून मोकळी झाले असते. ते 'नेलात' एवढं हळू आलं की मी चोर आहे असं मलाच वाटायला लागलं.

"तुम्ही म्हणालात, ठेवा. मी विचारलं, मी ठेवू? तुम्ही हो म्हणालात, वहिनी. नीट ठेवा म्हणालात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं. "अगं बाई," म्हणाल्या आणि कपड्यांच्या ढिगावरच बसल्या. "मी फोनवर होते. तुम्हाला वाटलं की..."

"हो."

"तरीच तुम्ही काहीतरी आशीर्वाद दिलात."

"हो."

नळाचं गळणं ऐकू येत होतं. मी वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते की त्या म्हणतील, राहू द्या मावशी, दिला तर दिला, ताईंना दुसरं काही आणू. घरच्याच ना मी! म्हटलं असतं तर मी नाहीच म्हणणार होते, अगदी हात जोडून नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायला आधी कुणी म्हणावं तरी लागतं.

"मग आता ताईला काय द्यायचं?" साहेबांनी विचारलं.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणी वापरला नाही ना अजून?"

"नाही," मी म्हटलं. "आणते आत्ता."

बेकरीपर्यंत जवळजवळ पळत गेले. वाटेत शिव्या घालत होते, वहिनींना, फोनला, रेडिओला, सगळ्यात जास्त स्वतःला. धरणी पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात ते उगाच नाही. दुकानात गर्दी होती. सून काउंटरमागे, अंगात निळा कोट, वरची बटणं लावलेली. मला बघून तिने बरोबरच्या पोरीला कोपराने ढोसलं. "ह्याच आमच्या आई."

"बाहेर ये जरा," मी म्हटलं.

आली. दाराबाहेर वारं होतं.

"कोट दे. त्याचं एक बटण सैल आहे. वहिनी म्हणाल्या, दुकानातून बदलून देतात."

तिने खाली मान घालून एकेक बटण ओढून बघितलं. सगळी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पायांकडे बघत होते.

"बटणं घट्ट आहेत, आई," ती हळूच म्हणाली.

पुढे तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रस्त्यात बसून रडले असते. तिने कोट काढला, खिशातला हातरुमाल काढून घेतला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांबा, बाहीला पीठ लागलंय." आणि तिथेच उभी राहून, दंडांवर काटा आलेला, ती बाही झटकत राहिली. आतून ती पोरगी काचेला नाक लावून बघत होती. कोटाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि सून आत गेली. ते जुनं जाकीट तिने त्या दिवशी नेलंच नव्हतं.

घरी जाऊन खोका घेतला. कागद होता, फीत सापडेना. सुनेने ती आरशाच्या खिळ्याला फुलासारखी बांधून ठेवली होती. तीही सोडवली.

वहिनींनी खोका घेतला, उघडला. कोट वर धरला, कॉलरची आतली बाजू बघितली, आणि नाकाजवळ नेला. नेता नेता माझं लक्ष आहे हे त्यांना दिसलं आणि त्यांनी तो पटकन खाली केला.

"तुमच्यासाठीच नेला होता का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, तुम्ही घालणार होतात?"

"सुनेला दिला होता."

"तुम्हाला सून आहे?"

"आहे."

त्यांनी कोट परत खोक्यात ठेवला. मी भांडी घासायला घेतली. साहेब आणि त्या आत कुजबुजत होते, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मी नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. माझं काम संपेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत. मी चपला घालत होते तेव्हा आल्या. हातात एक पांढरं पाकीट होतं. माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत त्यांनी ते पुढे केलं.

"मावशी, हे ठेवा."

मी हात एप्रनला पुसायला गेले, तर एप्रन मघाशीच काढून ठेवला होता. पाकीट मी घेतलं. टोमणा मारायचा नव्हता मला, शपथेवर सांगते. एरवी मारला असता. पण त्या वेळी मला खरंच कळेना.

"कुठे ठेवू, वहिनी?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी पाकीट दोन्ही हातांत धरून दारात तशीच उभी राहिले.