टक्क जागी

मला झोपेत चालायची खोड आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी शिवणकाम करते. एकदा झोपेतच उठून गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तिसरी बाही लावली होती. लोक हसले, मीही हसले. पण घरच्यांना आयतंच निमित्त मिळालं. मी काही गैरसोयीचं बोलले, की नवरा म्हणायचा, झोपेत पाहिलं असशील.

त्या दुपारी मी दिराच्या मनगटावर इस्त्री हाणली. हाड मोडलं. त्यानं रागारागानं तक्रार दिली, खटला उभा राहिला. माझे वकीलसाहेब मात्र खुशीत होते. डोक्याला तारा चिकटवून त्यांनी माझी झोप तपासून घेतली, अहवाल पक्का आला. झोपेत होते, काही आठवत नाही, एवढं म्हटलं की सुटका. नवऱ्यानं हात जोडले. दीरही एकाएकी समजूतदार झाला. वहिनीचा काय दोष, आजारच तसा, असं सांगत सुटला.

का नाही सांगणार? मी झोपेत असले, तर मी पाहिलं तेही झोपेतलंच. सासूबाईंनी अंथरूण ओलं केलं म्हणून तो त्यांचा हात पिरगाळत होता. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेलेली, ओरडणार कशा? पाहणारी मी एकटी. आता मी जामिनावर माहेरी, आणि त्या त्याच्याच ताब्यात. आम्हा सासू-सुनेचा जन्मभर उभा दावा. म्हणून काय त्यांचा हात मोडू द्यायचा?

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, त्या वेळी तुम्ही झोपेत होता का? वकीलसाहेब मला मानेनं खुणावू लागले.

"नाही," मी म्हणाले. "टक्क जागी होते."

वकीलसाहेब मटकन खाली बसले. तुरुंगात जावं लागेल, कळतंय ना, असं न्यायाधीशांनी सावकाश समजावलं. कळत होतं. 

"इस्त्री थंड होती, तेवढी दया केली मी त्याच्यावर. शिक्षा द्या. पण आधी मी काय पाहिलं ते लिहून घ्या. आणि आजच कुणालातरी घरी पाठवून सासूबाईंचे दंड बघायला सांगा."

दीर उठून म्हणाला, वहिनी आत्ताही झोपेतच बोलतेय. कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी त्याला खाली बसवलं, लेखनिकाला खूण केली.

"बोला, बाई," ते म्हणाले. "सुरुवातीपासून."

लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझा शब्दन् शब्द लिहून घेत होतं.