उघडायची दवंडी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असे गाव मनात आणा, जिथे भरदुपारी एकही दार उघडे नाही. ओट्यावर कुणी नाही, हापशीवर कुणी नाही. दिसले? आता ऐका.

मी एक जुनी हलगी आहे, जानेफळकडच्या एका लहानशा गावातली. लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, एवढाच माझा देह. प्लेगच्या वर्षी मला दवंडीसाठी बनवले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथीचा कायदा केला, म्हणून तो आणि मी एकाच वयाचे. साथ आली की घरे तपासावीत, आजाऱ्याला वेगळे ठेवावे, माणसांची ये-जा रोखावी, एवढी ताकद त्या लहानशा कायद्याने सरकारला मिळाली.

तेव्हा मी तुटक ठोक्यांत वाजले, की लोक घरे सोडून शेतातल्या झोपड्यांत राहायला गेले. साथ ओसरल्यावर मी लांब, अखंड वाजले, तेव्हाच ते परतले. तेव्हापासून गावाचा रिवाज पडला. हलगीने केलेली बंदी हलगीनेच उठवायची, आणि ती वाजवायची फक्त कोतवालाने.

माझे कातडे तीनदा बदलले. पुढे भोंगे आले, मोबाइल आले, आणि मी कोतवाल कचरूच्या खुंटीवर धूळ खात राहिले.

मग करोना आला. तोच जुना कायदा पुन्हा बाहेर निघाला. कचरूने मला शेकोटीवर तापवले आणि गल्लोगल्ली दवंडी दिली, "बाहेरचा आत येनार नाही, आतला बाहेर जानार नाही हो!" तरुणांनी गावाच्या दोन्ही वेशींवर बाभळीच्या काट्यांची आडवण घातली. सगळे मला शाबास म्हणाले. मलाही अभिमान वाटला.

गावातली शकुंतला त्याच वेळी जळगाव जामोदहून, बहिणीचे बाळंतपण उरकून परतली. तिला पायवाटेने नेऊन गावामागच्या, काट्यांपलीकडच्या शाळेत ठेवले; तिथे गाडी जायची तर रस्ता गावातूनच. तिची दहा वर्षांची योगिनी रोज काट्यांपाशी उभी राही.

"योगे, जवळ येऊ नको. मी बरी हाय," आई खिडकीतून ओरडे.

पण ती बरी नव्हती. ताप वाढला, श्वास लागू लागला. त्यातच कचरूही आजारी पडला आणि त्याला बुलढाण्याला नेले.

दुसऱ्या दिवशी सरपंच वामनरावांच्या मोबाइलवर तहसीलचा हुकूम आला. आजाऱ्यासाठी रस्ता खुला करा, गाडी येत आहे. गाडी आलीही. पण वेशीवरचे राखणदार काटे हलवेनात.

"मोबाइलवर रोजच खोटंनाटं येते, भाऊ. दवंडी झाली काय?"

"अरे, कचरूच नाही, तर दवंडी कोन देईन?" वामनराव म्हणाले.

"मंग बंदी कायम!"

हे ऐकून योगिनी धावत कचरूच्या घरी गेली. तिने मला खुंटीवरून काढले आणि लांब, अखंड ठोका धरला. तिचे हात लहान होते, पण ठोका बरोबर होता. मी जीव तोडून वाजले. एक खिडकी किलकिली झाली.

"काऊन वाजवते वं? कोतवाल झाली का तू?"

"मायले दवाखान्यात न्याचं हाय, काका! काटे काढा ना!"

"कचरू आल्यावर पाहू."

खिडकी लागली. योगिनी सगळ्या गल्ल्या फिरली. एकही दार उघडले नाही. दिवस मावळता गाडी रिकामी परत गेली, आणि सकाळी शकुंतला गेली.

मित्रांनो, साथीत दारे बंद करावी लागतात, हे मी नाकारत नाही. पण बंदीची दवंडी देण्याआधी ती उठवणार कोण, हे ठरवून ठेवा. आम्ही ठरवले नव्हते. अजूनही कुणी ठरवलेले नाही. मी पुन्हा त्याच खुंटीवर आहे.

शकुंतला गेल्यावर काही दिवसांनी कचरू बरा होऊन आला. त्याने रिवाजाप्रमाणे मला लांब, अखंड वाजवले. काटे निघाले. एकेक दार उघडत गेले, माणसे हसत ओट्यावर आली. योगिनी तिच्या उंबऱ्यात उभी होती. ठोका तिच्या दारापाशी आला, तशी ती मागे सरली आणि तिने आतून कडी लावली.