बाजा एकीकडे, तबकड्या एकीकडे

बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं. पण ही गोष्ट सांगायची तर नाव घेतल्यावाचून चालणार नाही. माझ्या नवऱ्याचं नाव येसाजी आणि माझ्या थोरल्या दिरांचं कोंडाजी. दोघेही कामाला वाघ, मनाने निर्मळ आणि हट्टात एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे. मी महाडच्या पेठेत वाढलेली, सातवी पास. लग्न होऊन पोलादपूरच्या वर सावित्रीकाठच्या या वाडीत आले, तेव्हा हे दोघे भाऊ एका ताटात जेवायचे. मला वाटलं, चला, या घरात तरी भाऊबंदकी नाही. नव्या नवरीला काहीही वाटतं.

घरात तिसरे पुरुष होते हैबतीकाका, माझे चुलतसासरे. त्यांचा जन्म मुंबईत एका अमेरिकन साहेबाकडे खानसामा म्हणून गेला. लग्न केलं नाही. साहेब मायदेशी गेला तेव्हा सहलीला न्यायचा आपला तबकड्या वाजवायचा बाजा त्याने काकांना देऊन टाकला. विजेरीच्या सेलवर चालणारा, झाकण लावलं की पेटीसारखा हातात धरायचा. त्याबरोबर तबकड्यांची एक चवड. जुन्या, पडल्या की खापरासारख्या फुटणाऱ्या नव्हेत. या नव्या, प्लास्टिकच्या, हलक्या, एकेका बाजूला चार-पाच गाणी असलेल्या. काका हे घबाड घेऊन गावी आले आणि रोज दिवेलागणीला ओटीवर बाजा सुरू झाला.

"ह्याला जाज म्हणतात," काका सांगायचे, "आन् ह्याला ब्लूज. तिकडच्या काळ्या लोकांचं गाणं हाय. कापसाच्या रानात राबणारी माणसं ती."

पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणा बाईच्या पोटात दुखतंय आणि शेजारी कुणीतरी भांडी आपटतंय. तसं मी बोलूनही दाखवलं. काका हसले आणि म्हणाले, "आठ दिस ऐक गो, मग बोल." आठ दिवसांनी मी भाकऱ्या लवकर उरकून दारात येऊन बसायला लागले होते.

तबकड्यांवरची नावं इंग्रजी. मला अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. म्हणून भावांनीच त्यांची बारशी केली. एकीचं नाव आगगाडी, कारण तिच्यातला तोंडाने फुंकायचा बाजा धापा टाकत धावायचा. आमच्या खोऱ्यात आगगाडी कुठली? ज्यांनी पाहिली त्यांनी मुंबईत पाहिली. एकीचं नाव भांडण, तिच्यात दोन पिपाण्या एकमेकींना बोलूच द्यायच्या नाहीत. आणि जिच्यावर दोघे जीव टाकायचे ती म्हाळसा, भरल्या गळ्याची एक बाई. मागे नुसता पियानो. ती एक ओळ म्हणायची, थांबायची आणि तीच ओळ पुन्हा म्हणायची, पहिल्यांदा कुणी ऐकलीच नसल्यासारखी. म्हाळसा लागली की दोघे भाऊ विडीसुद्धा पेटवायचे नाहीत. शब्द एक कळत नव्हता, पण त्या बाईचं काय हरवलंय ते आम्हा सगळ्यांना कळायचं.

मग काका गेले. त्यांचं तेरावं होतं न होतं तोच वाटणी निघाली. कुणी काढली ते मला आजवर कळलं नाही. वाटण्या कधी कुणी काढत नाही, त्या आपल्या निघतात.

आमच्याकडची रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. पंच बसले. जमीन, बैल, भांडी, सगळं रीतीने झालं. घराच्या मधोमध आडभिंत म्हणून कारवीचा कूड घालायचं ठरलं. शेवटी काकांच्या वस्तू आल्या. भावोजींनी, म्हणजे कोंडाजींनी, दोन वाटे मांडले. एकात बाजा ठेवला, दुसऱ्यात तबकड्या.

पंचांना त्यात काही वावगं दिसलं नाही. एकाला झाड, एकाला जमीन अशा वाटण्या त्यांनी जन्मभर केलेल्या. येसाजी मात्र पांढरे पडले. त्यांनी तबकड्या उचलल्या, घरात आले आणि मला म्हणाले, "बघितलंस? मी काय बी उचललं तरी मला रोज त्याच्या दारात जावं लागंल, हा डाव हाय त्याचा. पर मी पन तबकड्या उचलल्या. तबकड्यांबिगर बाजा म्हंजी मोकळं खोकं. येऊ दे त्यालाच मागायला."

पलीकडे भावोजी म्हणत असणार, धाकटा आहे, त्यानेच यावं. झालं. एका ओटीच्या दोन ओट्या झाल्या, मधे एक कूड, खोकला आला तरी पलीकडे ऐकू जाणारा. पण गाणं बंद झालं ते चार पावसाळे बंदच राहिलं. मला दोघांचाही असा संताप यायचा की वाटायचं, बाजा सावित्रीत टाकावा आणि हे दोन बाजीराव त्याच्यामागे.

येसाजी तबकड्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायचे. आमच्याकडचा पाऊस म्हणजे पेटीतल्या कपड्यांना बुरशी, चपलांना बुरशी. म्हणून त्यांनी तबकड्या जुन्या धोतरात बांधल्या आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या. बियाणं, उडीद, सुकी मासळी, जे जे जपायचं ते आम्ही तिथेच ठेवतो. खालून धूर आणि ऊब लागली की ओल धरत नाही. मीही म्हटलं, बरं केलंत.

त्यातच आणखी एक सुरू झालं. भावोजी घरात मोठ्याने बोलायला लागले. मीठ मागायचं तरी आवाज वेशीपर्यंत. येसाजी दातओठ खायचे, "मुद्दाम वरडतोय. मला ऐकवतोय." आणि गेल्या आवणीत, भाताच्या लावणीच्या दिवसांत, तर कहर झाला. येसाजी संध्याकाळी चिखलाच्या पायांनी घरी आले आणि जेवलेच नाहीत. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलले. त्या दिवशी त्यांचं मन मऊ झालं होतं. भावोजी पलीकडच्या खाचरात फावडं मारत होते, पाठमोरे. येसाजींनी बांधावरून हाक मारली, "दादा, सांच्याला तबकड्या घेऊन येतो." भावोजींनी मानसुद्धा वळवली नाही.

"येवढ्या जवळनं," येसाजी म्हणाले. "कुत्र्याला हाक मारली तरी ते बघतं. मी मेलो त्याला."

मीही त्या दिवसापासून भावोजींना मनातल्या मनात शिव्या घालायला लागले.

खरं काय ते दिवाळी उलटल्यावर कळलं. माझी जाऊ बनुबाई, मी तिला आक्का म्हणते, नदीवर धुणं धूत होती. पुरुष बोलत नसले तरी आम्ही दोघी नदीवर बोलायचो. त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

"काय झालं गो आक्का?"

"कुनाला बोलू नको, बग. त्यांनी शपथ घातलीय." तिने इकडेतिकडे पाहिलं. "त्यांचं कान गेलं गो. कशेडीच्या घाटात रस्त्याच्या कामाला दोन वरसं सुरुंगावर व्हते ना, तवापासनं. उजवा तर गेलाच. परवा मी मागनं हंडा पाडला, वळून बघितला नाय. महाडच्या डाक्टरानं सांगितलं, डावा पन जाईल हळूहळू. ते म्हनतात, धाकट्याला कळता कामा नाय. कीव करंल नि तबकड्या घेऊन येईल. तश्या नकोत मला."

मी पिळत होते ते लुगडं तसंच हातात राहिलं. तो वरच्या पट्टीतला आवाज, ती बांधावरची हाक, सगळं एकदम माझ्यापुढे आलं. आक्काला मी कसलंही वचन दिलं नाही. दिलं असतं तरी मोडलं असतं.

येसाजी जेवायला बसले होते. मी ताट वाढलं आणि म्हटलं, "तुम्ही हाक मारलीत ती भावोजींना ऐकूच गेली नाही. त्यांना ऐकू येत नाही." आणि सगळं सांगितलं.

घास त्यांच्या हातात राहिला. मग ते उठले, हात तसाच खरकटा, आणि माळ्यावर चढले. गाठोडं खाली आणलं, सोडलं. मी दिवा जवळ धरला आणि मला रडूच कोसळलं. चुलीच्या उबेने तबकड्या वाळत घातलेल्या पापडासारख्या वाकल्या होत्या. एकीची कड वर, एकीची खाली. येसाजी एकेक जमिनीवर ठेवून तळहाताने दाबून पाहत होते. हात काढला की ती पुन्हा तशीच. चवडीच्या मधे दबून राहिलेली म्हाळसा तेवढी जरा बरी होती, पण तीही सरळ नव्हती.

"आता काय तोंड घेऊन जाऊ?" ते म्हणाले.

"आहे तेच घेऊन जा," मी म्हटलं. "आणि आधी हात धुवा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही कुडाला वळसा घालून गेलो. भावोजी ओटीवर पाठमोरे बसून दोरी वळत होते. येसाजी समोर जाऊन उभे राहिले. भावोजींनी वर पाहिलं, मग धोतरातल्या गाठोड्याकडे, आणि मोठ्याने म्हणाले, "आलास? लई उशीर केलास." एवढंच. उठून आत गेले आणि बाजा घेऊन आले. त्यावर धुळीचा कण नव्हता. आक्का दारातून म्हणाली, "दर शिमग्याला नवं सेल आनत्यात. कुनासाठी आनता इचारलं तर बोलत नायत."

"तुला वाटलं आसंल मी डाव केला," भावोजी दोरी बाजूला ठेवत म्हणाले. "मी म्हटलं, घरात कूड पडनार, निदान बाजा तरी एकट्याला वाजवता येता कामा नये. रोज सांच्याला एकाला दुसऱ्याकडं यावंच लागंल. येवढंच माझं डोकं चाललं."

येसाजींनी म्हाळसा काढली, बाज्यावर ठेवली आणि सुई टेकवली.

सुई वर चढायची, खाली उतरायची. म्हाळसेचा भरला गळा मधेच पातळ व्हायचा, मधेच जड. पियानो झोपाळ्यावर बसवल्यासारखा. मला ऐकवेना. भावोजींनी डोळे मिटून डावा कान बाज्याजवळ नेला, हात झाकणावर ठेवला. मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "येशा, पयल्यागतच वाजतीया ना रं?"

येसाजींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय दादा," ते वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले. "अक्षी पयल्यागत."

भावोजींनी सावकाश मान हलवली. "मग माझंच संपलं म्हनायचं. डाक्टर बोलला व्हता हळूहळू जाईल, पर हे तर उरलंय तेबी इस्कटलं. मला बाईचा आवाज हेलपाटत येतोय." आणि त्यांनी कान मागे घेतला, आता काही ऐकायचं उरलंच नाही असा.

येसाजींची कीव आली मला, आणि रागही. चांगल्या मनाने बोललेलं खोटं असं उलटतं. आता दोनच वाटा होत्या. गप्प राहायचं आणि भावाला आपले कानच पार गेले असं समजून बसू द्यायचं, नाहीतर तोंड उघडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून "चुकलं" हा शब्द मी ऐकला नव्हता. बैलाने लाथ मारली तरी चूक बैलाची.

ते पुढे सरकले, भावोजींचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि डाव्या कानात ओरडले, "दादा, तुझं कान बराबर हायत! तबकडी वाकलीय! मी वाकवली, सगळ्या वाकवल्या! ओल नको म्हनून चुलीवर ठिवल्या! माझं चुकलं!"

भावोजींनी डोळे उघडले. खाली वाकून त्यांनी तबकडी नजरेच्या रेषेत आणली आणि तिची वरखाली होणारी कड पाहत राहिले. कड वर आली की आवाज चढायचा, खाली गेली की बसायचा. त्यांनी कान पुन्हा जवळ नेला.

"व्हय रं," ते म्हणाले. "वर गेली. आता खाली. बने, मला ऐकू येतंय! तबकडी वाकलीय ते मला ऐकू येतंय!" आणि येसाजींच्या पाठीत त्यांनी असा धपाटा घातला की सुई उडाली. "गाढवा! चुलीवर ठिवतात? त्या काय सुकटी हायत?"

आक्का पदराने डोळे पुसत हसत होती. मीही हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. येसाजींनी सुई पुन्हा टेकवली. ती बाई हेलपाटत एक ओळ म्हणाली, थांबली, पुन्हा तीच म्हणाली. कुणी हललं नाही. सुई मधोमध जाऊन खरखरायला लागली, तेव्हा भावोजी म्हणाले, "पालट तिला."

येसाजींनी तबकडी उलटी केली आणि उठून भावोजींच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.