दोन रकान्यांचा अहवाल

आमच्या प्रयोगशाळेत लघवीच्या बाटल्यांवर नाव नसायचं, फक्त नंबर. नाव दिसलं की माणूस दिसतो आणि माणूस दिसला की हात अडखळतो, असं आमचे साहेब म्हणत. मी त्या खोलीत एकतीस वर्षं काढली. यंत्रं तापू नयेत म्हणून खोली इतकी गार ठेवत की मी बारा महिने स्वेटर घालून बसायचे. अजूनही गार खोलीत गेलं की मला तिथली माणसं आठवतात.

दुखण्याच्या दवाखान्यातून येणाऱ्या बाटल्यांचं काम सोपं होतं. तिथले रोगी जुनाट दुखण्याचे, गोळ्या कोडीनच्या. रोगी गोळ्या स्वतः घेतो की दुसऱ्या कुणाला देतो, हे दवाखाना अधूनमधून तपासून घेई. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. पोटात गेल्यावर यकृत त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन करतं, आणि दुखणं थांबतं ते मुख्यतः त्या मॉर्फिनने. म्हणून आमच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, कोडीन आणि मॉर्फिन. दोन्ही सापडली तर गोळी पोटात गेली. भरपूर कोडीन सापडलं आणि मॉर्फिनचा पत्ताच नसला, तर गोळी शरीरातून गेलेलीच नाही, कुणीतरी तिचा चुरा बाटलीत टाकलाय. असे शहाणे वर्षाला दोन-तीन तरी निघत. ‘औषध नमुन्यात वरून मिसळले असावे’ असा शेरा मी लिहायचे, सही ठोकायचे आणि डबा उघडून जेवायला बसायचे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे पाठीमागे रडूबाई म्हणत. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं कण्हणं थांबलं नव्हतं. पण त्याआधीही दात काढला, टाके पडले, काहीही झालं तरी त्यांचं एकच, ‘मला औषध लागू पडत नाही.’ आमचे हे म्हणत, “वहिनीला औषध नको, श्रोते हवेत.” मीही हसायचे. त्या त्याच दवाखान्यात जातात हे मला ठाऊक होतं, पण बाटल्या रोज साठ-साठ यायच्या.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर त्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कण्हत नव्हत्या. थोरले दीर आत भांडी घासत होते.

“ये गं धाकटे. तुझी जाऊ चोर निघाली.”

त्यांनी उशीखालून लिफाफा काढून माझ्यापुढे टाकला. दवाखान्याने उपचार बंद केले होते. पंधरा दिवसांत लेखी खुलासा आला नाही, तर रोगी गोळ्या इतरांना देते अशी नोंद कायम होणार होती. तशी नोंद असलेल्या माणसाला दुखण्याचं औषध पुन्हा कुणी देत नसे. सोबत अहवालाची प्रत होती.

“म्हणे मी बाटलीत गोळी कुस्करली! अगं, मला वाकून चप्पल घालता येत नाही, मी त्यांच्या संडासात उभी राहून गोळ्या कुस्करीन? आणि ती खालची सही बघ. कोंबडी नाचून गेल्यासारखी. जो कोण मेला असेल, त्याचं तळपट होवो.”

“वहिनी,” मी म्हणाले, “सही माझी आहे.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“तू मला ओळखलं नाहीस?”

“बाटलीवर नुसता नंबर असतो.”

“मग आता ओळख. बसलेय समोर.”

“गोळ्या रोज घेता?”

“मी देतो,” दीर दारात येऊन म्हणाले. त्यांच्या हाताला साबण तसाच होता. “पाण्याचा पेला माझ्या हातात असतो.”

“आणि गुण?”

“पाण्याचाच जास्त येतो,” जाऊबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नात्यासकट सगळं सांगितलं.

“म्हणजे या नमुन्याला आता तुम्ही हात लावायचा नाही.”

“नाही लावत. पण दुसऱ्या कुणाला तरी त्यात नॉरकोडीन शोधायला सांगा.”

कोडीनपासून यकृत आणखी एका वाटेने नॉरकोडीन बनवतं. दुखण्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून फॉर्मवर त्याला जागा नव्हती. पण बाटलीत चुरा कितीही दिवस पडून राहिला तरी नॉरकोडीन होत नाही, त्याला शरीरच लागतं. शंभरातल्या काही माणसांना मॉर्फिन बनवताच येत नाही, हे मी एका मासिकात वाचलं होतं. वाचून मासिक कपाटात ठेवलं होतं.

“फॉर्मवर रकाना नाही,” साहेब म्हणाले.

“फॉर्म आपणच छापलाय, साहेब.”

नमुना बर्फात सुरक्षित होता, पण ताडून पाहायला शुद्ध नॉरकोडीन आमच्याकडे नव्हतं. ते मागवण्यात नऊ दिवस गेले. जाऊबाई रोज फोन करत. “आलं का गं तुमचं ते? गोळ्या बंद आहेत, पण फरक काडीचा नाही बघ.” शेवटी बाराव्या दिवशी सहकाऱ्याने नमुना लावला. मी बाहेर बाकावर बसून राहिले. तो कागद घेऊन आला. कोडीन होतं, मॉर्फिन नव्हतं, नॉरकोडीन भरपूर होतं.

साहेबांनी माझ्या शेऱ्यावर रेघ मारली, नवा शेरा लिहिला, खाली सही केली आणि विचारलं, “असे आधी किती लिहिलेत?”

मी वह्या काढल्या. एक्केचाळीस होते. त्यांतल्या तीनच बाटल्या अजून शिल्लक होत्या. दोघांनी खरंच चुरा टाकला होता, तिसरा माणूस जाऊबाईंसारखा निघाला. बाकीच्या अडतीस बाटल्या कधीच फेकून दिलेल्या. त्या नंबरांची नावं मला पुढेही कळली नाहीत. नव्या फॉर्मवर तिसरा रकाना आला.

दवाखान्याने पत्र मागे घेतलं आणि जाऊबाईंना यकृताने बदलायची गरज नाही असं औषध सुरू केलं. पहिल्या दिवशी मी सोबतीला गेले होते. दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या, त्या पाचपर्यंत उठल्याच नाहीत. श्वास चालू आहे ना, हे बघायला दीर दोनदा आत जाऊन आले. जाग आल्यावर त्या छताकडे बघत पडून राहिल्या.

“धाकटे, तुम्हा सगळ्यांना रोज असंच असतं?”

“कसं?”

“असं. काहीच न दुखता.”

मी हो म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मी निघेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.