मामाचं नाक

"परत न्या बाबा, नासलंय," मामा म्हणाला आणि दुधाच्या कॅनचं झाकण खाडकन लावलं.

ऐका ना, मला तर आधीपासूनच शंका होती! आमच्या डेअरीत सकाळी कॅन आले की पहिलं काम मामाचं. झाकण उघडून वास घ्यायचा, चांगलं की नासकं ते सांगायचं. सगळे त्याला 'नाक'च म्हणतात. मी शेजारी वजन करते. मध्ये त्याला फ्लू झाला, गोळ्या झाल्या, वाफारे झाले, बरा होऊन कामावर आला. पण घरी दूध करपलं, मामी ओरडत धावली, आणि हा शेगडीशेजारी निवांत पेपर वाचतोय! मग मी मुद्दाम, तो डोळे मिटून पडलेला असताना, बामची उघडी बाटली नाकाखाली धरली. हूं की चूं नाही!

म्हणून मी पाळत ठेवली. आणि काय दिसलं माहितीये? नाक कॅनमध्ये, पण डोळे आणणाऱ्याच्या तोंडावर! समोरचा जरा चुळबुळला की कॅन परत. डोकं बघा!

आणि आज हे म्हातारे बाबा, चेहरा एवढासा झालेला.

"अहो, आत्ता काढलंय," ते रडकुंडीला आले. "घरी ही तापानं फणफणलीये, एकटीला टाकून आलोय. पुन्हा बघा की."

मी झाकण उचललं. ताजं, गोड, अजून कोमट!

"मामा," मी हळूच म्हटलं, "तुला वास येत नाही ना?"

"हळू बोल. डॉक्टर म्हणालेत, येईल कधीतरी. तोवर मला इथं कोण ठेवणार?"

"आणि बाबांचं दूध?"

बाबा कॅन ओढत निघाले होते. मामा बघत राहिला. मग एकदम ओरडला, "बाबा, थांबा! दूध चांगलंय. माझंच नाक गेलंय."

एरवी त्याला "काय नाक, शिंका संपल्या का?" म्हणून छळणारा टेम्पोवालासुद्धा बाबांचा कॅन काट्यावर ठेवायला धावला.

साहेबांनी त्याला कॅन धुण्यावर टाकलं. झाकणं आता मी उघडते. पण मधेच लक्ष जातं ना, तर मामा रिकामा कॅन उचलतो, नाकाशी धरतो, डोळे मिटून थोडा थांबतो.

मग नळ सोडतो.